व्यत्यय क्रमांक पाच

सरकारी रुग्णालयाच्या कान विभागातील श्रवण तपासणी यंत्राने एका कामाच्या दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, आवाज काढणे बंद केले. यंत्र म्हणजे एक साधा संगणक, त्याला जोडलेले हेडफोन आणि काचेची खिडकी असलेली एक बंद खोली. रुग्णाने खोलीत बसायचे, हेडफोन लावायचे आणि 'टूं' असा आवाज कानी पडला की हातातले बटण दाबायचे. यंत्र आधी मोठ्याने 'टूं' करते, मग हळू, मग त्याहून हळू. रुग्णाला कुठपर्यंत ऐकू येते याचा आलेख ते स्वतःच छापते, आणि त्या आलेखावर शिक्का बसला की कानात घालायचे श्रवणयंत्र मंजूर होते. थोडक्यात, ऐकू येत नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी रुग्णाला काहीतरी ऐकवावे लागते, आणि ती जबाबदारी शासनाने या संगणकावर टाकली होती.

हे यंत्र चालवणाऱ्या बाईंना सारे रुग्णालय 'कानवाल्या बाई' म्हणून ओळखत असे. त्या दिवशी आत बसलेली रुग्ण त्यांची स्वतःची आई होती. आई दोन जिने चढून, आपल्या घरात, एकटी राहत असे. अलीकडे तिचे कान पार गेले होते. एकदा तिच्या मोरीतला नळ रात्रभर वाहत राहिला, तिला त्याचा पत्ता लागला नाही, आणि पाणी झिरपत झिरपत खालच्या बिऱ्हाडाच्या थेट पलंगावर उतरले. खालच्यांनी तिच्या मुलाला फोन केला. मुलगा, म्हणजे बाईंचा दादा, लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता आणि निर्णय घ्यायची त्याला सवय होती. त्याने फोनवरच निकाल दिला की ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याने एकटे राहायचे नाही. तो येणार, घराला कुलूप लावणार आणि आईला घेऊन जाणार.

आईला जायचे नव्हते. दादाच्या घरी ती एकदा राहून आली होती. तिथे सगळे फार प्रेमळ होते, फक्त घरी कोणी नसे. लेकीकडेही तिला नको होते. तिला आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत मरायचे होते आणि तेही सावकाश. बाईंचा हिशेब सरळ होता. आईच्या कानात यंत्र बसले की दादाचे तोंड आपोआप बंद होणार होते. त्यासाठी हवा होता तो शिक्क्याचा आलेख. बाहेर कुठे तपासून घ्यावे, तर तो आलेख या रुग्णालयात चालत नसे, आणि इथला आलेख नसेल तर कानाचे डॉक्टर चिठ्ठी लिहीत नसत.

तर आई हेडफोन लावून, हातात बटण धरून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली होती. बाईंनी बाहेरून यंत्र सुरू केले. आईने बटण दाबले नाही. बाईंनी आवाज वाढवला. आई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. यंत्र शेवटच्या पायरीपर्यंत गेले, जिथे बहिरा माणूसही दचकतो, तरी आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तेवढ्यात आईने हेडफोन काढले, दार किलकिले केले आणि विचारले, "अगं, सुरू कधी करणार?"

तेव्हा बाईंनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. त्यांनाही काही ऐकू आले नाही. मग त्यांनी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर चौकटीत लिहिले होते:

'संसाधन-तंटा. खालील दोन साधनांनी व्यत्यय क्रमांक पाचवर एकाच वेळी हक्क सांगितला आहे: (१) ध्वनिपत्र, (२) दूरवार्तापत्र. कृपया तंटा सोडवून पुढे जावे.'

हा प्रकार मुळात अगदी किरकोळ असतो. संगणकाच्या पोटात निरनिराळी कार्डे बसवलेली असतात. ध्वनिपत्र आवाज काढते, दूरवार्तापत्र टेलिफोनच्या तारेवरून आकडे पाठवते. या कार्डांना मुख्य चिपचे लक्ष हवे असले की प्रत्येकाने आपापल्या नंबरची हाक द्यायची, असा तिथला शिरस्ता आहे; या हाकेलाच तिथे व्यत्यय म्हणतात. चुकून दोघांना एकच नंबर मिळाला तर चिपला हाक ऐकू येते, पण ती कोणाची हे कळत नाही. मग ती एकाला ओ देते आणि दुसरा ताटकळतो. उपाय एवढाच, की एकाचा नंबर बदलायचा. ही गोष्ट बाईंना ठाऊक होती, दुरुस्ती विभागाला ठाऊक होती, आणि यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत तर चित्रासकट छापलेली होती.

घोटाळा झाला तो शब्दाने. सर्व यंत्रांनी आपल्या भाषेत बोलावे असा आदेश निघाल्यावर एक भाषांतर समिती नेमली गेली होती. या संदेशासाठी समितीपुढे 'अडचण' हा शब्द आला, तो फार घरगुती वाटला. 'भांडण' आला, तो शासनाला शोभेना. शेवटी अध्यक्षांनी 'तंटा' सुचवला आणि सर्वांनी बाके वाजवली. अध्यक्षांना तो शब्द पुढे इतका आवडू लागला की ते घरीही साध्या बोलण्याला तंटा म्हणू लागले, आणि मग घरी खरोखरच तंटे होऊ लागले.

बाईंनी दुरुस्ती विभागाला कळवले. दुरुस्तीवाला हत्यारांची पेटी घेऊन आला, पडद्यासमोर वाकला, संदेश वाचला आणि पेटी न उघडताच दोन पावले मागे सरला.

"बाई, ही दुरुस्ती नाही. हा तंटा आहे."

"पण नंबरच बदलायचाय ना? पाचाचा सात केला की झालं."

"झालंच की. चहा गार व्हायच्या आत होईल."

"मग करा ना."

"दुरुस्ती असती तर केलं असतं," दुरुस्तीवाला कळवळून म्हणाला. "तंटा म्हटला की तो तंटा निवारण कक्षाकडे जातो. मध्ये एकाने अशाच दोन कार्डांत मध्यस्थी केली होती, त्याची अजून चौकशी चालू आहे. एका बाजूला का झुकलास, म्हणून."

"कार्डांनी तक्रार केली?"

"कार्डांची माणसं असतात, बाई."

बाई तंटा निवारण कक्षात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांना सगळे तंटासाहेब म्हणत; त्यांनी सारी हयात सामाईक भिंती, सामाईक नळ आणि सामाईक जिने यांत घालवली होती. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दुमत नव्हते. आजवर त्यांच्याकडून कोणालाच न्याय मिळालेला नसल्यामुळे कोणावर अन्याय झाल्याचीही तक्रार नव्हती. त्यांनी संदेशाची प्रत चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि म्हणाले, "हक्क सांगितलाय, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय काही करता येणार नाही."

"साहेब, कार्डं आहेत ती. हिरवी पट्टी आणि चार तारा."

"तुम्ही त्यांच्या दिसण्यावर जाऊ नका."

त्याच दिवशी अंतरिम आदेश निघाला. निकाल लागेपर्यंत यंत्राची परिस्थिती जैसे थे ठेवावी. ते बंद करू नये, बंद असल्यास सुरू करू नये, आणि कोणीही त्याचे झाकण उघडू नये. झाकणावर लाखेचे सील बसले. एक पहारेकरी येऊन स्टुलावर बसला. कान विभागात येणाऱ्या माणसांना तो हाताने परत जा अशी खूण करी, कारण तोंडाने सांगून उपयोग नाही हे त्याला पहिल्या दिवशीच कळले.

संध्याकाळी बाई आईकडे गेल्या आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आई, तंटा झालाय. वेळ लागेल."

"कसली घंटा?"

"घंटा नाही, तंटा."

"मला नाही गं ऐकू आली," आई ओशाळून म्हणाली. "मोठी होती का?"

बाईंना हसूही आले आणि रडूही आले. आईने मग हळूच विचारले की दादा कधी येणार आहे. बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवले. आईने त्या तारखेकडे पाहिले आणि उठून खुर्चीवरची धूळ पुसू लागली, जी नव्हतीच.

सुनावणी कुठे घ्यावी यावर बराच खल झाला. कार्डे काढून कक्षात न्यावीत असे एकाने सुचवले. पण एक कार्ड काढले की तंटा आपोआप मिटतो हे दुरुस्तीवाल्याने निदर्शनास आणले, आणि तंटासाहेब गंभीर झाले. सुनावणीआधी तंटा मिटला तर सुनावणी कशाची घ्यायची, हा प्रश्न बिनतोड होता. अखेर सुनावणी कान विभागातच, त्या काचेच्या बंद खोलीत ठरली. साऱ्या इमारतीत तेवढीच एक शांत जागा होती. तिथला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही, हे कळल्यावर तंटासाहेबांना ती खोली फारच पसंत पडली.

ध्वनिपत्राची बाजू मांडायला कान विभागाच्या वतीने बाई होत्या. दूरवार्तापत्राच्या, म्हणजे मोडेमच्या बाजूने आकडेवारी शाखेचे प्रमुख आले होते. तो मोडेम त्यांनीच बसवून घेतला होता. रोज किती कान तपासले हा आकडा तो तारेवरून मुख्य कार्यालयाला पाठवीत असे. तो बसवला त्याच दिवशी आवाज गेला, पण त्या दोन घटनांचा संबंध जोडणे हे आकडेवारीचे काम आहे, आणि आकडेवारी शाखेने तो जोडला नव्हता.

तंटासाहेबांनी हेडफोन कानाला लावले आणि ध्वनिपत्राला बोलण्याची संधी दिली. खोलीत शांतता होती. त्यांनी पुन्हा संधी दिली. शेवटी लेखनिकाला सांगितले, "लिहा. ध्वनिपत्र हजर. वारंवार संधी देऊनही म्हणणे मांडले नाही."

"साहेब, तेच तर भांडण आहे," बाई म्हणाल्या. "त्याला बोलता येत नाहीये."

"मग वकील द्यायचा होता."

यानंतर मोडेमला पुकारले. मोडेमने टेलिफोनची तार धरली आणि किंचाळून, घरघरून, मध्येच शिट्टी वाजवून आपला रोजचा आकडा मुख्य कार्यालयाला पाठवला. नोंद झाली की दूरवार्तापत्राने आपले म्हणणे सविस्तर आणि तळमळीने मांडले.

"काय पाठवलं त्याने?" तंटासाहेबांनी विचारले.

"तपासलेले कान, शून्य," आकडेवारीप्रमुख अभिमानाने म्हणाले. "पूर्वी रुग्ण तपासले जायचे, तेव्हा मोजणीत चुका व्हायच्या. आता आकडा रोज बरोबर असतो. वरून शाबासकी आलीय."

"साहेब," बाईंचा आवाज चढला, "नंबर सात रिकामा आहे. यातल्या कुणालाही तिथे टाका. दोघंही सुखाने राहतील."

तंटासाहेबांनी दुरुस्तीवाल्याकडे पाहिले. दुरुस्तीवाल्याने मान खाली घालून खुलासा केला, की सात हा नंबर जुन्या प्रिंटरच्या नावे आहे. तो प्रिंटर भंगारात गेला, तिथून वितळूनही गेला. पण तो निकामी झाल्याचा ठराव मंजूर व्हायचा असल्यामुळे कागदोपत्री तो अजून सेवेत आहे.

"मग एखाद्याच्या जागेवर परस्पर कसं बसवायचं?" तंटासाहेब म्हणाले. "उद्या तो आला तर?"

"वितळलेला प्रिंटर?"

"बाई, तुम्ही फार घाई करताय. कारण काय?"

बाईंनी आजवर ही गोष्ट बोलायची टाळली होती. आता त्यांनी सगळे सांगितले. आई, नळ, दादा, कुलूप. आकडेवारीप्रमुखांनी नजर खाली वळवली. पहारेकऱ्यानेही स्टूल पुढे ओढले. तंटासाहेबांनी सर्व अत्यंत सहानुभूतीने ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "म्हणजे तुमचा यात व्यक्तिगत हितसंबंध आहे."

"माझी आई आहे ती."

"तेच म्हणतोय मी. इतके दिवस हे लपवून ठेवलंत. यापुढे या यंत्राला तुम्ही हात लावायचा नाही. तुमच्या आईची तपासणी दुसरा तपासनीस करील."

निकाल यायला वेळ लागला, पण तो आला तेव्हा सर्वांना मान्य झाला. त्यात म्हटले होते की नंबर बदलल्याने कोणत्याही एका साधनाचा कमीपणा होईल, तेव्हा दोघांनीही क्रमांक पाचवरच गुण्यागोविंदाने नांदावे. मात्र संदेशातील 'तंटा' हा शब्द दोन साधनांत कटुता निर्माण करणारा असल्याने तो काढून 'सहवास' हा शब्द घालण्यात यावा. शब्द बदलणे ही दुरुस्ती असल्यामुळे हे काम दुरुस्ती विभागाकडे देण्यात आले. दुरुस्तीवाल्याने सील तोडले, घाम गाळला आणि सबंध दिवस खपून तो शब्द बदलला. आता पडद्यावर 'संसाधन-सहवास' असे दिसू लागले. यंत्र तंटारहित जाहीर झाले. पहारेकरी उठला, स्टूल तेवढे राहिले.

बाईंनी दुरुस्तीवाल्याला जिन्यात गाठले. "आता तंटा उरला नाही ना? मग आता तरी पाचाचा सात करा."

"बाई, तंटा होता तेव्हा मला अधिकार नव्हता," तो खिन्नपणे म्हणाला. "आता काही बिघडलेलंच नाही. दुरुस्ती कशाची करू?"

आईची तपासणी लागली त्या दिवशीच दादा आला. तो स्टेशनवरून थेट रुग्णालयात आला, हातात बॅग आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नवे कोरे कुलूप. तपासणीसाठी डोळे विभागातून एक तपासनीस मागवला होता. त्याने आईला खोलीत बसवले, बटण हातात दिले, दाबा म्हणून खूण केली आणि दार लावून घेतले. यंत्र सुरू झाले. बाईंना माहीत होते की आत काहीही वाजत नाहीये.

आईने काचेतून बाहेर पाहिले. तिला तपासनीस दिसला, लेक दिसली, दादा दिसला आणि कप्प्यातून डोकावणारे कुलूप दिसले. आलेख, चिठ्ठी, मंजुरी या भानगडी तिला लेकीने कानात ओरडून समजावल्या होत्या, पण त्यातले अर्धे तिला ऐकू आले नव्हते. तिला एवढेच कळले होते, की ऐकू येत नाही म्हणून घर जाणार, आणि ऐकू येते हे दाखवायचे असेल तर हे बटण दाबायचे. तिने बटण दाबले.

तपासनिसासमोर हिरवा दिवा लागला. यंत्राने पुढचा, आणखी हळू आवाज काढला, म्हणजे काढला नाही. आईने दाबले. तिचा सारा जीव अंगठ्यात उतरला होता. नजर दादावरून हटत नव्हती.

"अहो, थांबवा," बाई म्हणाल्या. "आवाज येतच नाहीये."

"आवाज येत नाही, तर त्या बटण कसं दाबतायत?" तपासनिसाने विचारले.

या युक्तिवादाला बाईंकडे उत्तर होते, पण ते ऐकण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. यंत्राने आलेख छापला. श्रवणशक्ती उत्तम, या वयाच्या मानाने असाधारण. श्रवणयंत्राची आवश्यकता नाही. शिक्का बसला, आणि त्या दिवशी मोडेमने मुख्य कार्यालयाला पहिल्यांदाच शून्यापेक्षा मोठा आकडा कळवला.

दादाने तो कागद वाचला. मग तो उलटून मागची कोरी बाजूही वाचली. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्याचे बाईंना स्पष्ट दिसले. घरी बायकोशी काय बोलायचे, कोणती खोली रिकामी करायची, हे सगळे एका शिक्क्याने मिटले होते.

"उत्तम आहेत की कान," तो म्हणाला. "तू उगीच घाबरवलंस सगळ्यांना."

बाईंनी तोंड उघडले. दादा, ते खोटे आहे, आत टाचणी पडल्याइतकाही आवाज नव्हता, एवढेच वाक्य बोलायचे होते. ते बोलले तर कुलूप बॅगेतून बाहेर येणार होते. नाही बोलले तर आई आपल्या घरी राहणार होती, आपल्या खुर्चीत, वाहत्या नळासकट. काचेपलीकडून आई त्यांच्याकडे बघून हसत होती. पहिल्या नंबराने पास झाल्याचा आनंद होता तो. बाईंनी तोंड मिटले. त्या दिवसापासून कामावरून सुटल्या की त्या आधी आईकडे जातात, सगळे नळ तपासतात आणि मग घरी जातात.

दादा त्याच संध्याकाळच्या गाडीने परतला. हल्ली तो दर रविवारी न चुकता फोन करतो. टेबलावर फोन थरथरला की आई उचलते. दादा औषधे, जेवणखाण, तब्येत, सगळे विचारतो; आई मध्ये मध्ये 'हो' म्हणते, एकदा 'बरी आहे' म्हणते, आणि पलीकडे शांत झाल्यासारखे वाटले की 'तू जप' म्हणून ठेवून देते. दादाचे समाधान होते. आईशी बोलणे झाले, असे तो सगळ्यांना सांगतो.

तुम्हीही परवा आपल्या आईला केला होतात की फोन. पलीकडून 'हो, सगळं ठीक आहे' असे आले आणि तुम्ही निश्चिंत झालात. तुम्ही विचारले काय होते, आठवतेय का?